सुकाणूच्या नळीतली हवा

२ फेब्रुवारी, सोमवार

आजवर मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: स्वयंपाकघरातलं टेबल आणि त्याच्या चार खुर्च्या. लेकीचा पाळणा, जो पुढे तिच्या मुलालाही पुरला. मागच्या अंगणातली शेड, दारं-खिडक्या-कड्या सगळं धरून. पाण्याच्या टाकीची तरंगती झडप. लेथला लागणारी अर्धीअधिक हत्यारं. हिच्या शिलाई मशीनचं पायडल. दारावरची विजेची घंटा (ही तिसरी, आधीच्या दोन फारच मवाळ निघाल्या). आणि बोट. अठ्ठावीस फूट, चोवीस उतारूंची परवानगी. इंजिन विकतचं, सुकाणूचा पंप आणि त्याचा सिलिंडर विकतचा, बाकी कण्यापासून छतापर्यंत माझं. शिकवायला कोणी नव्हतं. पुस्तकं होती, डोळे होते आणि चुकलेलं लाकूड परत परत घ्यायची तयारी होती.

ही यादी आज लिहायचं कारण असं, की दगा दिला तो नेमका विकतच्या मालाने. सकाळी मागच्या फळीचं झाकण उचललं तर खाली तेलाचं थारोळं. सिलिंडरचं सील फाटलेलं. चाक फिरवलं तर गरगर फिरतं, सुकाणू जागचं हलत नाही.

वेळ काय निवडलीय पण! पूल दुरुस्तीला बंद झालाय आणि पलीकडच्या तीरावरच्या हॉस्पिटलच्या माणसांची सकाळ-संध्याकाळ ने-आण करायचं वर्षभराचं काम मला मिळालंय. नर्स, आया, स्वयंपाकी, दोन-चार डॉक्टर. काम सोळा तारखेला सुरू. त्याआधी तेरा तारखेला बंदर ऑफिसचा तपासनीस येऊन बोट पाहणार. नापास झाली तर काम त्या पांढऱ्या बोटींच्या कंपनीकडे जाणार. त्यांचा माणूस टाय लावून धक्क्यावर फिरत असतोच. त्याला मी नेकटायच म्हणतो.

तेरापर्यंत सील बदलून तेल भरायचं आणि नळ्यांतली हवा काढायची. माझ्यासारख्याला एका दिवसाचं काम.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सिलिंडर उघडला. सील दोन्ही बाजूंची बदलली. दांड्यावर नखाला लागेल एवढा एक ओरखडा होता, तो बारीक पॉलिश पेपरने घालवला. नळ्याही जुन्या झाल्या होत्या, दोन्ही नव्या टाकल्या. होजवाल्याकडून नळ्या घेताना तो काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, "मोठ्याने बोला, पैसे पडत नाहीत बोलायचे." त्यावर तो आणि त्याचा कारागीर हसले. विनोद चांगलाच होता म्हणायचा.

कशी करायची असते ही गोष्ट ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी उपयोगी पडेल. चाकामागे पंप असतो. त्याच्या डोक्यावर भोक. तिथे तेलाची बाटली उलटी लावायची. पंपापासून दोन नळ्या मागे सिलिंडरला जातात, एक डावीकडची, एक उजवीकडची. सिलिंडरच्या दोन्ही टोकांना हवा सोडायचं एकेक निपल, म्हणजे आट्यांची बारीक तोटी. एकाने चाक सावकाश डावीकडे फिरवत राहायचं, दुसऱ्याने मागे त्या बाजूचं निपल अर्धा आटा सैल करायचं. आधी नुसती हवा येते, मग फेसाळ तेल, मग स्वच्छ. बाटली संपत आली की चाकावरच्याने हाक द्यायची, मागच्याने निपल घट्ट करायचं, मगच चाक थांबवायचं आणि बाटली बदलायची. हाक चुकली तर पंप हवा गिळतो आणि केलेलं सगळं पाण्यात. मोठी बाटली लावता येत नाही, कारण पंपावर फळी आहे. ती मीच बसवलीय आणि ती काढायची नाही.

दोन माणसांचं काम आहे. दुसरं माणूस म्हणजे ही. हिचा बाप नावाडी होता, त्यामुळे चाक-दोर-वल्हं हिला सांगावं लागत नाही. पाण्याचं शास्त्र मात्र मी वाचून मिळवलंय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

झालं नाही.

दुपारी बसलो. म्हणजे ही चाकावर बसली, मी मागे पालथा, डोकं आणि दोन्ही हात झाकणाखाली, हातात नऊचा पाना, निपलवर पारदर्शक नळी, तिचं टोक बरणीत. डावी बाजू सुरू केली. हवा आली, फेस आला, तेल आलं. अगदी मधासारखं स्वच्छ व्हायला लागलं आणि एकदम परत फसफस. वर येऊन पाहतो तर बाटली रिकामी आणि ही कपाळाला हात लावून उभी.

"हाक द्यायची असं ठरलं होतं ना?"

"अहो, चार वेळा दिली."

"चार वेळा?"

"पलीकडच्या धक्क्यावरचा माणूस वळून बघायला लागला."

मी वाद घातला नाही. झाकणाखाली डोकं असलं की आवाज पोचायला जरा जोर लागतो, एवढंच म्हटलं. परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा तर तेल वाया गेलं ते गेलंच, वर तिने बाटली बदलताना मी निपल उघडंच ठेवलं असं तिचं म्हणणं. मी उघडं ठेवलं! पाना माझ्या हातात असताना मी काय करतो ते मला कळत नाही की काय?

शेवटी शेवटी ती बोलेनाशीच झाली. घरी येताना वाटेत म्हणाली, "उद्या नको. परवा करू." स्वर बरा वाटला. दमली असेल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

किटलीची शिट्टी बिघडलीय. पाणी आटून तळ काळा पडला तरी वाजली नाही. शिट्टीचं भोक तासून मोठं केलं. आता ही म्हणते, शेजारचं बाळ दचकून उठतं. एवढी काय वाजत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

काल परत फसलं. आज जावयाला बोलावलं. हिच्या आवाजात दम नाही, तरुण माणसाचा आवाज पोचेल असा हिशोब. जावईबापू कॉम्प्युटरवर काम करणारे, तेलाचा डाग पडू नये म्हणून जुना शर्ट शोधून घालून आले. तो शर्ट माझ्या चांगल्या शर्टापेक्षा चांगला होता.

त्याला सगळं समजावलं. "बाटलीत दोन बोटं तेल राहिलं की जोरात ओरडायचं. लाजायचं नाही."

"बाबा, मी तुमच्या कानाशीच येऊन सांगू का?"

"चाक सोडून?"

सुरू केलं. दहा मिनिटांत डावी बाजू संपली, उजवी घेतली, आणि मला वाटायला लागलं की जमलं. तोच फसफस. वर आलो. जावई पंपाजवळ उभा, दोन्ही हात पसरलेले, चेहरा लाल, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. ही जेवणाचा डबा घेऊन तेव्हाच आली होती. ती धक्क्याच्या दुसऱ्या टोकाकडून चालत जवळ आली आणि म्हणाली की गेटपाशीच तिला कळलं, तेल संपलंय ते. गमतीत म्हणाली असणार.

जावई म्हणाला, "बाबा, एक बोलू? रागावू नका. तुम्ही एकदा डॉक्..."

हिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो तिथेच थांबला. "आधी जेवा," ही म्हणाली. पोरांना एका नजरेत गप्प करायची हिला जुनी सवय आहे. काय म्हणत होता बिचारा, ते राहूनच गेलं. डॉकयार्डात नेऊ म्हणत असेल. तिथले लोक बोट तीन आठवडे अडकवतात आणि आपलीच हत्यारं परत करत नाहीत.

या पिढीची एक खोड आहे, शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत यांचा आवाज संपलेला असतो. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "हो बाबा." तेही पुटपुटतच.

आज शांतपणे विचार केला. माणसं बदलली, हवा तीच. म्हणजे दोष माणसांत नाही, नळ्यांत आहे. जिथे नळी पंपापेक्षा उंच जाते तिथे हवा साठून बसते आणि काही केलं तरी निघत नाही, असं पुस्तकात स्पष्ट आहे. दोन्ही नळ्या मी बाजूच्या फळ्यांमागून नेल्यात. तिथे कुठेतरी उंचवटा असणार.

९ फेब्रुवारी, सोमवार

फळ्या काढल्या.

या फळ्या मी एका हिवाळ्यात बसवल्या होत्या, एकही खिळा दिसणार नाही अशा. सांधा कुठे आहे ते मलाच शोधावं लागलं. दोन सुटल्या, तिसरी उभी चिरली. चिरताना हाताला जे जाणवलं ते लिहीत नाही.

मग पाण्याची लेव्हल-नळी घेऊन पुढून मागपर्यंत फूट-फूट मोजत गेलो. नवी होज प्रत्येक ठिकाणी पंपापेक्षा खाली. सगळ्यात उंच जागीसुद्धा दोन इंच खाली. उंचवटा नाही. माझं काम बरोबर होतं.

याचा आनंद व्हायला हवा होता.

ही आली, चिरलेली फळी बघितली. ती उचलून शेडमध्ये ठेवून आली. परत येऊन माझ्या शेजारी बसली आणि एकदम माझ्या डाव्या बाजूने उठून उजव्या बाजूला येऊन बसली. "तिकडे ऊन लागतं," म्हणाली. आभाळ भरलेलं होतं.

"चार दिवस राहिले," मी म्हटलं.

"होईल."

"कसं होईल ते सांग."

"तुम्ही केलेलं काम आहे, होईल," एवढंच म्हणाली. माझ्या कामावर हिचा विश्वास आहे, यात शंका नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आजचं आजच लिहितो.

सकाळी मी एकट्याने केलं. चाकाला दोर बांधून, कप्पीवरून मागे आणून, दोर ओढत ओढत निपल सांभाळलं, आणि दर वीस ओढींनंतर उठून बाटली बघायला गेलो. अर्धा दिवस गेला. शेवटी चाक बऱ्यापैकी कडक लागायला लागलं. एका टोकाला नेऊन जोर दिला तर बाटलीतल्या तेलाची पातळी किंचित खाली जाते, म्हणजे थोडी हवा दबतेय. थोडी. एवढी चालते, असं मी स्वतःला सांगितलं. हे लिहितोय, कारण सांगायला नको होतं.

दुपारी भरतीच्या पाण्यावर बोट बाहेर काढली. मी चाकावर, ही पुढे टोकावर नजर ठेवायला. पलीकडचा तीर गाठला, वळलो, परत निघालो. चाक थोडं उशिरा लागतं, टोकाला स्पंजासारखं दबतं, पण बोट जाते. मनात म्हटलं, घ्या.

धक्क्याजवळ येताना डावीकडे बांधलेल्या मालवाहू होडीच्या आडून एक लहान वल्ह्याची होडी निघाली. तिच्यात एक म्हातारा आणि पाठमोरी एक बाई. मला ती दिसली तेव्हा मध्ये फार पाणी उरलेलं नव्हतं. मी चाक उजवीकडे फेकलं. दीड फेरा नुसता फिरला, मग सुकाणूने धरलं. इंजिन मागे घेतलं. आमची बाजू त्यांच्या वल्ह्याला लागली आणि वल्हं मोडलं. माणसं वाचली. बाई होडीच्या तळाशी बसून राहिली होती, डोक्यावर हात धरून.

म्हातारा उभा राहून काहीतरी ओरडत होता. बहुधा शिव्या. नीट ऐकू आल्या नाहीत ते बरंच झालं.

ही पुढून मागे आली तेव्हा तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. दोन्ही हातांनी घसा धरला होता. मी म्हटलं, "हवा आहे नळीत, बघितलंस ना? दीड फेरा नुसता फिरला." ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि रडली. वल्ह्याची भरपाई मी करून देणार आहे, नवं वल्हं मीच घडवून देईन, त्यांच्या जुन्यापेक्षा चांगलं. तसं तिला सांगितलं. तरी रडत होती.

११ फेब्रुवारी, बुधवार

ही सकाळीच बंदर ऑफिसात गेली. स्वतःचं काही काम आहे म्हणाली. तिच्या बापाच्या वेळचे काही कागद असतील. मी विचारलं नाही.

दिवसभर वल्हं तासलं. बोटीकडे गेलो नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

झालं!

सकाळी ही कपडे वाळत घालायची दोरी घेऊन बोटीवर आली. नवी, पांढरी, अजून गुंडाळीतलीच. म्हणाली, "माझा घसा बसलाय, ओरडवत नाही. ही तुमच्या पायाला बांधते. एक झटका म्हणजे बंद करा, दोन म्हणजे उघडा."

"पायाला? मी काय बैल आहे?"

"हात रिकामे नाहीत ना तुमचे. आणि बैल सांगितलेलं ऐकतो."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी ती असं बोलली. घोट्याला दोरी बांधून घेतली, पालथा झालो.

दोन झटके. उघडलं. हवा, फेस, तेल. एक झटका. बंद. ती बाटली बदलतेय हे मला डेकवरच्या तिच्या पावलांवरून कळत होतं, म्हणजे फळीतून छातीला जाणवत होतं. दोन झटके. उघडलं. तेल स्वच्छ आलं तरी तिने थांबवलं नाही, आणखी अर्धी बाटली काढायला लावली. बरोबर केलं. मग उजवी बाजू. मग परत डावी, शेवटची एकदा. दोन्ही बाजूंना बरणीत एकही बुडबुडा नाही. निपल घट्ट, टोप्या लावल्या.

वर आलो. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पाच फेरे आणि तिथे भिंतीला लागल्यासारखं थांबतं. टोकाला सगळं अंग टाकून जोर दिला. भोकातली तेलाची पातळी जागची हलली नाही. केसभरसुद्धा नाही.

मी हिला म्हटलं, "सीलं बसायला वेळ लागतो, तेच कारण होतं. आज बसली."

"हो ना," ही म्हणाली.

एक मात्र नवल. परत येताना ही फोनवर लेकीशी बोलत होती. घसा ठणठणीत होता.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तपासनीस वयाने माझ्याएवढा, हातात फळीला लावलेले कागद, बुटांना चिखल. काम जाणणारा माणूस वाटला. मागचं झाकण उघडायला लावलं, स्वतः वाकून सांधे बोटाने पुसून बोट हुंगलं. चाक पाच वेळा टोकाला नेलं. म्हणाला, "हवा कोणी काढली?"

"मी."

"छान काढलीय."

बोट बाहेर नेली. चाकावर मी, शेजारी तो, मागे ही. वळणं, थांबणं, मागे जाणं, सगळं झालं. सुकाणू लोण्यात सुरी फिरावी तसं फिरत होतं. मी त्याला फळ्यांचे सांधे दाखवत होतो. तो मध्येच बोलायचा थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

"किती?" त्याने विचारलं.

"काय किती?"

त्याने पाठीमागे बोट दाखवलं. वळणावर वाळू वाहून नेणारी मोठी बार्ज येत होती. धुराड्याजवळ वाफेचा पांढरा पुंजका विरत होता.

"तिने भोंगा किती वेळा दिला?"

भोंगा दिला असता तर मला ऐकू आला असता, असं ओठांवर आलं होतं. तो पुंजका भोंग्याचाच होता, ते बघितलं आणि वाक्य गिळलं.

"दोन," मागून ही म्हणाली. "डावीकडून जाणार आहे."

तपासनीसाने कागदाकडे मान खाली घातली. एक ओळ लिहिली. उतरताना माझ्यासमोर नीट उभा राहून, माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "बोट पास. बोटीत काही खोट नाही. चालकाच्या कानाचं प्रमाणपत्र लागेल, सोमवारी सुरू करायच्या आधी." एक एक शब्द सुटा सुटा. लहान मुलाशी बोलावं तसा.

एक एक शब्द ऐकू आला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मी मोजल्याशिवाय काही मानत नाही. म्हणून मोजलं.

गजराचं घड्याळ स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला ठेवलं. खिडक्या लावल्या. मोजपट्टी जमिनीवर पसरली. डोळे मिटून बसलो आणि हिला घड्याळ लांबून जवळ आणायला सांगितलं. टिकटिक ऐकू आली की हात वर करायचा. उजव्या कानाला दहा इंचांवर. डाव्या कानाला टेकवल्यावर. मी म्हटलं, घड्याळच मंद आहे, आता तू बस. ती बसली. मी घड्याळ घेऊन दारापर्यंत गेलो, दाराबाहेर गेलो. हात वरच होता.

बराच वेळ मोजपट्टी गुंडाळत होतो. ती गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नातू पाळण्यात रडायचा आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचायचात, तेव्हापासून."

"मला वाटायचं शांत पोर आहे."

"शांत!" ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि मला वाटतं मीही हसलो. मग राग आला. "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तीन वेळा. तुम्ही घंटा बदललीत."

मंगळवारचं गणित कागदावर मांडलं. बोटीचा वेग, होडी दिसली ती जागा, चाकाचा वाया गेलेला दीड फेरा. हवेमुळे गेलेला वेळ एवढा थोडा की नुसत्या त्याच्यामुळे वल्हं मोडलं नसतं. हिला विचारलं, तू ओरडलीस कधी? म्हणाली, मालवाहू होडीच्या मागे वल्ह्याचं टोक दिसलं तेव्हाच. ती जागा कागदावर टाकली. हवा असली तरी, आणखी एवढी असती तरी, वळायला भरपूर पाणी होतं.

माणसं चोवीस असणार रोज, सकाळी. धुकं असणार.

कागद मी टाकला नाही, घडी घालून ठेवला.

मग हिने पर्समधून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. बोट चालवायचा परवाना, हिच्या नावाचा, हिच्या फोटोचा, बुधवारची तारीख, मागे कान-डोळे तपासल्याचा शिक्का. बापाच्या हाताखाली असतानाच काढला होता आणि लग्नानंतरही दर वेळी नवा करत आली होती. मला वाटायचं, ऑफिसात मैत्रिणी आहेत हिच्या.

"हा कशाला?" मी म्हटलं, कळत होतं तरी.

"तुमचा कागद झाला तर हा पर्समध्ये राहील. नाही झाला तर सोमवारी चाकावर मी. इंजिन, तेल, दोर तुमच्याकडे. ते काम मला जमणार नाही."

"बोट माझी आहे."

"कोण नाही म्हणतंय?"

जेवलो नाही. शेडमध्ये जाऊन वल्ह्याला शेवटचा हात मारला. हिला चाक दिलं की बोट सरळ जाते, हे मी आधीही पाहिलंय. तेव्हा मला वाटायचं, चाक मी नीट बसवलंय म्हणून.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी म्हाताऱ्याला वल्हं दिलं. त्याने उचलून तोललं, पातं बघितलं आणि ठेवून घेतलं. मीच म्हटलं, "त्या दिवशी मला तुमची होडी दिसली उशिरा, आणि ऐकू तर आलंच नाही. मला कमी ऐकू येतं." हे वाक्य पहिल्यांदाच तोंडातून गेलं, तेही परक्यापुढे. तो म्हणाला, "ते मी त्याच दिवशी ओरडून सांगितलं होतं."

परत येताना धक्क्याच्या पायऱ्यांवर नेकटाय बसला होता. रविवार असून टाय होताच. मला बघून उठला, जवळ आला, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं, मोठ्याने बोलला नाही. उजव्या कानापाशी येऊन बोलला. म्हणजे धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, कुठल्या बाजूने बोलायचं ते.

म्हणाला, "काका, तुमचं काम आमच्याकडे यावं असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण बोट पास झाली, मानलं तुम्हाला. आता अडलंय ते एका कागदावर. आमच्या सगळ्या चालकांचे कागद मीच करून आणतो. एक डॉक्टर आहेत. तपासायला बोलावत नाहीत, कागद घरी पाठवतात. त्यांची फी तेवढी पडेल."

"तुमचा फायदा काय?"

"पूल वर्षभर बंद आहे. गर्दी वाढली की तुम्हाला दुसरी बोट लागेल. तेव्हा आठवण ठेवा. बाकी काही नाही."

मी उभा राहिलो. खोटं का लिहू, लगेच नाही म्हटलं नाही. बोट समोरच बांधलेली होती. चाकाची वरची कड काचेतून दिसत होती. ते चाक मी चार प्रकारच्या लाकडांतून घडवलंय, हात कुठे येतो, अंगठा कुठे टेकतो ते बघून. माझ्याच अंगठ्याच्या मापाने. ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं, मग ते हिच्या का असेना, आणि आपण मागे तेल-दोर बघत राहायचं, सगळ्या हॉस्पिटलच्या माणसांसमोर. रोज. वर्षभर.

ही डेकवर होती. चिरलेल्या फळीच्या जागी तिने तात्पुरता कापडी पडदा शिवून लावला होता, तो ठीक करत होती. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. तिला आमचं बोलणं एवढ्या लांबून ऐकू आलं असेल, असं आता मला वाटतं. परत सुईत दोरा ओवायला लागली.

"मला पडताळून घेतल्याशिवाय कुठलाच सांधा चालत नाही," मी नेकटायला म्हटलं. "आणि हा माझा मी पडताळलाय. टेबलावर, मोजपट्टीने."

"काका, कोण बघणार आहे?"

"बघणार कोणी नाही. ओरडणार कोणीतरी, आणि मला ऐकू येणार नाही."

त्याने फीचा आकडा खाली आणला. मी मान हलवली. तो टाय सरळ करत निघून गेला.

डेकवर गेलो. हिला म्हटलं, उद्या पहिली फेरी सव्वासहाला आहे, सहाला चाकावर बस. चाक तुझ्या उंचीला जरा वर पडेल, पायाखाली फळी करून देतो, आत्ताच करतो. ती म्हणाली, "दोन इंच पुरेल." मोजलं. दोनच लागले.

नाकारलेला व्यवहार नोंदवून ठेवतो. माझे दोन्ही कान उत्तम असल्याचं शिक्क्यासहित प्रमाणपत्र, तपासणीशिवाय, उद्या पहाटे पहिल्या फेरीच्या आधी घरपोच. अठरा हजार मागितले होते. शेवटी बारावर आला होता.